बारा पेले

"मावशी, फळ्यावर बाराच्या बारा बिल्ले आलेत. नांगर उचलतो," तामाती सुकाणूजवळून ओरडला.

"थांब. एक पेला सूप उरलंय."

"मग तूच पी की! वारा फिरतोय. इथून वेळेत निघायचंय मला."

टुटुकाका नावाच्या बंदरातून पुअर नाइट्स बेटांकडे डुबकीवाल्यांना नेणाऱ्या बोटीवर मी भोपळ्याचं सूप करत असे. पाण्यात उतरताना प्रत्येकाने आपला पितळी बिल्ला फळ्यावरून काढून सोबत न्यायचा, वर आल्यावर स्वतःच्या हाताने परत अडकवायचा आणि मग माझ्याकडून पेला घ्यायचा. त्याच आठवड्यात तामातीने मला सांगितलं होतं, "पुढच्या हंगामाला गरम पेयांचं यंत्र बसवतोय. तू आता आराम कर." त्याचं नाक पुसलेली बाई मी.

"नको असेल कुणाला सूप," तो म्हणाला.

"चौदा अंशांच्या पाण्यातून आलेला माणूस माझ्या सूपला नाही म्हणत नाही."

लोक हसले. "यंत्रावरून रुसलीय," तामाती कुणाला तरी हळूच म्हणाला. मला ऐकू आलं. क्षणभर वाटलं, ओतून द्यावं ते सूप समुद्रात आणि बसावं गप्प. पण ट्रे तसाच हातात धरून मी नांगराच्या रहाटापुढे जाऊन उभी राहिले आणि एकेकाचं नाव घेऊ लागले.

"डेस्मंड?"

"आहे."

"व्हर्ना?"

"आहे ना," डेस्मंडच डोकं पुसत म्हणाला.

"तुला नाही विचारलं. व्हर्ना?"

डेस्मंडने मागे वळून पाहिलं.

"माझ्या मागेच होती शिडीवर," डेस्मंडचा टॉवेल हातातच राहिला. "बिल्ला माझ्याकडेच असतो तिचा. ती हरवते. आताही दोन्ही मीच अडकवले. सव्वीस वर्षं मीच…"

नांगर तसाच ठेवून तामातीने छोटी होडी पाण्यात सोडली.

वीस मिनिटांनी खडकाच्या कमानीपलीकडे ती सापडली. निसटलेला कॅमेरा आणायला शिडीवरूनच परत खाली गेली होती, आणि प्रवाहाने तिला ओढून नेलं होतं. बेटाच्या पायथ्याशी समुद्री शेवाळाच्या जाड पट्ट्यांना धरून ती लोंबकळत होती.

"अगं, खडकावर चढून बसायचंस ना!" तिला बोटीवर ओढून घेताना कुणीतरी म्हणालं.

"सकाळी यांनीच सांगितलं ना," तिचे दात वाजत होते, "पूर्वजांचं बेट आहे, पाय ठेवायचा नाही."

ते पूर्वज तामातीचे. त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सूप गार झालं होतं. व्हर्ना ते तळापर्यंत प्यायली, तिने पेला माझ्या हातात दिला आणि नवऱ्यापुढे हात पसरला. "आण माझा बिल्ला इकडे."

यंत्र आलं नाही. गुडघे चालले तोवर मी आणखी सात हंगाम बोटीवर गेले. आता सूप तामातीची लेक करते. मीठ जरा जास्त घालते म्हणे.

दुपारी स्वयंपाकघरात मी बोटींचा रेडिओ लावून बसते. परतताना प्रत्येक बोट बंदराला आपली माणसं कळवते. "चौदा जण, निघालो." "नऊ जण, निघालो." मग तामातीचा घोगरा आवाज येतो.

"बारा पेले. सगळे रिकामे. निघालो."

तेवढं ऐकते आणि रेडिओ बंद करते.