बाबूजींचा नकार

कात्री तशी लहानच, बोटभर, टोकाशी जराशी वाकलेली... शेजारी चिमटा, दोन सुया, एक चाकू, सगळं निळ्या मखमलीवर दागिन्यांसारखं मांडलेलं. चंचलनं डबी मिटली. कॉलेजच्या खिडकीपुढे तिच्याआधी एकच जण उरला होता, आज शेवटची तारीख होती, आणि अर्जातला विषयगटाचा रकाना कोराच होता.

डबी बाबूजींनीच घेऊन दिलेली. सायन्सच्या यादीत आहे म्हणजे घ्यायचीच. घासाघीस करून पाच रुपये कमी केले आणि कापडवाल्याच्या सवयीनं धोतराच्या सोग्यावर धार अजमावली. ‘मलमल सुरेख कापेल,’ म्हणाले. काय कापायचं ते त्यांनी विचारलं नाही, आणि ती न विचारताच म्हणाली, ‘पानंबिनं कापतात, बाबूजी.’ पाणी गाळून पिणाऱ्या, दिवेलागणीनंतर घास न घेणाऱ्या माणसाला बेडूक कोणत्या तोंडानं सांगायचा?

तिला खरं तर मेंदू हवा होता. नुसता मेंदू. दादाजींना अर्धांगवायू झाल्यापासून ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, ‘चंचल’ तर नाहीच. पण नवकार मंत्र मात्र एका दमात, अक्षर न चुकता. मग ते पाणीही मंत्रानंच मागत, रेडिओ बंद करायलाही मंत्रच, आणि चहात साखर कमी पडली की ‘णमो अरिहंताणं’ असं काही खेकसत की पाहुणे हात जोडून उभे राहत. तिला हसू येई, आणि लगेच हसल्याची लाज वाटे — एवढे शब्द गेले कुठं, आणि तेवढेच राहिले कसे?

पण बारावीनंतर नुसता मेंदू शिकवणारा वर्ग ना जळगावात, ना धुळ्यात. इथं प्राणिशास्त्र, म्हणजे आधी बेडूक. धुळ्याला मानसशास्त्र... बेडूक नाही, पण मेंदूचा एकच धडा, आणि लखीचंदमामांकडे तीन वर्षं मामींच्या हाताखाली.

“ताई, गट लिहा ना. बठ्ठी लाइन थांबेल शे,” मागच्या सगळ्या रांगेकडे बोट दाखवत खिडकीतून शालिग्राम कारकून म्हणाला.

स्कूटर लावून बाबूजी शेजारी येऊन उभे राहिले होते. तिनं डोळे मिटून सांगून टाकलं, “बाबूजी, पानं नाही. प्राणिशास्त्र घेतलं तर बेडूक कापतात.”

“ठाऊक आहे. दुकानदारानं तेव्हाच सांगितलं.”

“मग?”

“मला ते कधीच पटणार नाही,” बाबूजी म्हणाले. “पण शिकणार तू आहेस. तू ठरव.” आणि ते सावलीत जाऊन उभे राहिले.

चंचल पेन धरून उभीच. आठ दिवस ती मनातल्या मनात बाबूजींशी भांडत होती. त्यांचे आक्षेप, आपली उत्तरं, सगळं पाठ — आणि त्यांनी मोडता घातला असता, तर जन्मभर त्यांना बोल लावत ती धुळ्यात सुखानं राहिली असती. ते नाही म्हणतील याच भरवशावर तिचा सगळा हट्ट उभा होता. बेडकाचा असा विचार तिनं केलाच नव्हता... आता बाबूजी बाजूला झाले आणि समोर नुसता बेडूक उरला, पोट वर करून, आणि त्याच्यावर दया कर म्हणून सांगणारं कुणी नसताना ती दया आपली आपणच येत होती.