पाहणारे : एक

“अहो ड्रायव्हर, ही बस आहे की बेडूक?”

टेबलावरच्या फोनमधून काकूंचा आवाज आला आणि ड्रायव्हरकाकांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. ब्रेक म्हणजे टेबलाखालचं प्लॅस्टिकचं पायडल. समोर पडद्यावर खेळातली लाल बस अलगद थांबली.

“बेडूक? अगं, बॉनेटवर पाण्याचा पेला ठेव. थेंब सांडला तर मिशा उतरवीन.”

“मिशा राहू द्यात, तेवढंच तर उरलंय. पण मला इथे धक्केच धक्के दिसताहेत. पाण्याची टाकी गेली की एकदम छापखाना. मधला रस्ता कुणी खाल्ला?”

काकांनी एकतीस वर्षं बस चालवली. त्यातली सव्वीस वर्षं त्याच बसवर कंडक्टर होत्या काकू. त्यांनी दोनदा घंटी वाजवल्याशिवाय काकांनी गाडी कधी हलवली नाही आणि, खरं सांगायचं तर, संसारही हलवला नाही. आता काकू सात आठवडे इस्पितळातल्या खाटेवर होत्या. भेटायला मिळे ते सकाळी तासभर. म्हणून रोज दुपारी चारला काका संगणकासमोर बसत. परदेशी जाताना मुलीने बसवून दिलेलं स्टिअरिंग धरत आणि बसची एक फेरी मारत. काकू ती फोनवर थेट बघत. गावही खोटं, रस्तेही खोटे. पण काकू त्यातल्या प्रत्येक थांब्याला जुन्या मार्गावरचं नाव देत. पडद्याच्या कोपऱ्यात रोज तेच लिहिलेलं असे, ‘पाहणारे : १’. देवाच्या दयेने तेवढा एक होता.

“काका, मी सिस्टर बोलतेय,” फोनवर दुसरा आवाज आला. “चित्र असं हिसके देतं ना, काकूंना गरगरतं. काल जेवण उलटून पडलं. डॉक्टर म्हणाले, आता हे बंद ठेवा.”

मग पुन्हा काकूंचा आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. “अहो, तुमचा हात बरा आहे ना? खरं सांगा.”

हे मात्र काकांच्या काळजात घुसलं. आठ दिवस ती बेडूक-बेडूक म्हणत होती, आणि आठ दिवस काका गाडी अधिकाधिक हळू चालवत होते. त्यांच्या पडद्यावर तर सगळं गुळगुळीत दिसत होतं. मग हिला वाटतं तरी काय? आपला हात कापतो, असं?

“उद्याची एक फेरी द्या, सिस्टर,” काका म्हणाले. “एकच. त्यात गरगरलं, तर मीच चावी ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला कोपऱ्यावरच्या संगणकाच्या दुकानातली दुरुस्तीवाली पिशवी खांद्याला लावून घरी आली.

“तुला गाडीतलं काही कळतं का गं, पोरी?”

“मीही ड्रायव्हरच, काका. स्क्रूड्रायव्हर.” ती खुर्ची ओढून बसली. “चालवा बघू.”

काकांनी बस काढली. वळण घेतलं, थांबवली. “बघ. कुठे आहे धक्का?”

“तुम्ही केबिनमध्ये बसलाय. मागच्या बाकावर काय चाललंय, ते इथून कसं दिसेल?” तिने काकूंकडे जाणारं चित्र मिनिटभर रेकॉर्ड केलं आणि लावून दाखवलं.

काका बघत राहिले. तीच बस, तेच वळण. पण बस थिजे, उडी मारी, पुन्हा थिजे. झाडं तुकड्या-तुकड्यांनी मागे पडत होती. काकांनी हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले.

“हे बघत होती ती? आठ दिवस?”

“आणि तरी रोज चारला हजर,” दुरुस्तीवाली म्हणाली. “काका, चढावर एसी लावला की गाडी ओढते का?”

“छे! दम तोडते.”

“तसंच झालंय. यंत्राचा सगळा दम खेळच खाऊन टाकतो. काकूंकडे चित्र पाठवणारा बिचारा उपाशी.” तिने खेळाच्या सेटिंगची यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. “पाऊस, सावल्या, ओल्या रस्त्यावरची चमक... हे सगळं शेवटच्या टोकाला कुणी नेलं?”

काका चोरी पकडल्यासारखे खाली बघू लागले.

“तिच्या खिडकीतून नुसती भिंत दिसते गं. म्हणून आठ दिवसांपूर्वी म्हटलं, निदान झाडांची पानं तरी हलू देत.”

दुरुस्तीवालीने उगाच चष्मा पुसला. “यातलं थोडं उतरवावं लागेल, काका. काय उतरवू?”

“मला काय विचारतेस? गाडीत कोण चढणार, कोण उतरणार, ते कंडक्टरने ठरवायचं.” त्यांनी फोन लावला.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांनी एकच विचारलं, “म्हणजे हात बरा आहे तुमचा?”

“दगडासारखा.”

“हुश्श. मग सावल्या काढा. ती चमकबिमक काढा, पाऊसही काढा. पण थांब्यावरची माणसं राहू द्यात हं. रिकामी गाडी पळवायची नाही मला.”

“आणि पानं?” काकांनी हळूच विचारलं.

“पुढच्या थांब्याजवळची तेवढी हलू देत.”

तेवढं एकट्या झाडापुरतं जमत नाही, हे दुरुस्तीवालीने काकूंना सांगितलं नाही. पानं तिने सगळीच हलती ठेवली आणि त्याच्या बदल्यात ढग काढून टाकले. मग चित्रांना लगाम घातला. “सेकंदाला साठ चित्रं पुरतात, काका. हा दीडशे काढत होता, कुणासाठी?” पुन्हा मिनिटभर रेकॉर्ड करून दाखवलं. बस कशी पाण्यावरून जावी तशी गेली.

चार वाजले.

“टिंग टिंग,” फोनमधून काकू म्हणाल्या.

बस निघाली. पाण्याची टाकी आली. मधला रस्ता सगळा, हातभरही न गाळता आला, आणि मग छापखाना.

“आता कशी ड्रायव्हरची गाडी वाटते,” काकू म्हणाल्या. “पुढे जुना दवाखाना. उतरणारे पुढे या.” मग त्या सावकाश बोलू लागल्या. मग नुसतं “टिंग” आलं, एकच. मग काहीच नाही.

“कंडक्टर?” काका फोनकडे वाकले. “अगं?”

“काका,” सिस्टर कुजबुजली, “झोपल्यात. गोळीशिवाय, सात आठवड्यांत पहिल्यांदा. फोन बंद करू?”

“नको. असू दे.”

अजून चार थांबे होते. काकांनी एकही गाळला नाही. प्रत्येक थांब्यावर दार उघडलं, चित्रातली माणसं चढली, दार मिटलं. घंटी द्यायला कुणी नव्हतं, म्हणून काका स्वतःच ओठातल्या ओठात दोनदा टिंग म्हणत आणि मगच गाडी हलवत. दुरुस्तीवालीने काही बोलायला तोंड उघडलं, तशी काकांनी तिला बोटाने खूण केली. कोपऱ्यात ‘पाहणारे : १’ तसंच होतं.

शेवटच्या थांब्यावर त्यांनी ब्रेक इतका हलका दाबला, की बस कधी उभी राहिली ते कळलंच नाही. इंजिन मात्र त्यांनी चालूच ठेवलं. आवाज थांबला की झोपलेला प्रवासी जागा होतो.