गुरुवारच्या टाळ्या

विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी होणारे सार्वजनिक व्याख्यान, विषय कोणताही असो आणि वक्ता कितीही नामांकित असो, श्रोत्यांच्या टाळ्यांनी मध्येच संपत असे.

खगोलशास्त्रज्ञ "आणि हा तारा असा मंदावण्याचं कारण" एवढे म्हणून पाण्याचा घोट घेण्यासाठी थांबले, तोच टाळ्यांचा कडकडाट झाला. ते कारण त्यांच्याबरोबरच परत गेले. इतिहासकारांनी एका राजाला लढाईसाठी घोड्यावर बसवले होते. तो तसाच बसून राहिला. भाषाशास्त्राच्या बाईंचे वाक्य तर क्रियापदाच्या अलीकडेच तुटले. टाळ्या झाल्या की अध्यक्ष सवयीने उठत, पुष्पगुच्छ पुढे येई, आभार मानले जात आणि मंडळी चहाकडे वळत. एकदा वाजलेल्या टाळ्या परत घेण्याची सोय कोणत्याही सभाशास्त्रात नाही. वक्त्याला वाटे, आपल्याला सभ्यपणे गप्प बसवले. श्रोत्यांना वाटे, आजचे व्याख्यान फार आटोपशीर झाले. त्याच सभागृहात शनिवारी होणाऱ्या गाण्याच्या आणि नृत्याच्या कार्यक्रमांत मात्र असे कधीही घडले नव्हते.

या व्याख्यानमालेची समन्वयक संख्याशास्त्र शिकवत असे. "बहुधा" हा शब्द कुणी उच्चारला की ती लगेच "किती टक्के?" असे विचारी, त्यामुळे सहकारी तिला पुरावेबाई म्हणत, आणि तेही तोंडावर.

"अहो मॅडम, यात शोधायचं काय आहे?" अधिष्ठाता म्हणाले. "लोक कंटाळतात. गाण्याला कंटाळत नाहीत, व्याख्यानाला कंटाळतात. मी तर लहानपणापासून कंटाळतोय."

"कंटाळलेला माणूस उठून जातो, सर. हे बसून टाळ्या वाजवतात."

"सभ्य आहेत म्हणून."

"सगळे एकाच क्षणी सभ्य होतात?"

अधिष्ठात्यांनी समोरची फाइल उघडली. संभाषण संपल्याची त्यांची ती ठरलेली खूण होती. फाइलमध्ये पाहत ते एवढेच म्हणाले, "पुढच्या सत्रापासून गुरुवारीही गाणंच ठेवू. निदान मध्ये वाजलेल्या टाळ्या तिथे खपून जातात."

पुरावेबाईंनी शक्य तेवढे सर्व करून पाहिले होते. भिंतीवरचे घड्याळ तपासले. ते बिनचूक होते. दिवे मंद करणे बंद केले. टाळ्या उजेडात वाजल्या. वक्त्यांना विनंती केली की आवाज खाली आणून थांबू नका. एक वक्ता त्यामुळे सबंध वेळ ओरडत राहिला आणि तरीही ठरल्याप्रमाणे मध्येच संपला. एकदा तर तिने आरंभीच जाहीर केले, "कृपया टाळ्या व्याख्यान संपल्यावरच वाजवाव्यात." सर्वांनी समजूतदारपणे माना डोलावल्या, नेहमीप्रमाणे मध्येच व्याख्यान संपले असे समजले आणि टाळ्या वाजवल्या. शेवटी तिने चहाच्या टेबलाशी उभे राहून श्रोत्यांनाच विचारायला सुरुवात केली. उत्तर सगळ्यांचे एकच होते: बाकीचे वाजवत होते म्हणून आम्हीही वाजवल्या. सभागृहातला प्रत्येक श्रोता दुसरा होता. पहिला कुणीच नव्हता.

हा प्रश्न असाच पुढच्या सत्रापर्यंत ढकलता आला असता, पण मालेतले शेवटचे व्याख्यान तिच्या सख्ख्या मामांचे होते.

मामा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते, आणि घरातल्या कोळ्यांना मामीच्या झाडूपासून वाचवण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. धड, न फाटलेले जाळे कोळी एके दिवशी सोडून का देतो, हा त्यांचा एकमेव प्रश्न. उत्तर सापडले आहे असे त्यांनी अलीकडेच कळवले होते. ते काय, हे मात्र मामीलाही सांगितले नव्हते. ते पहिल्यांदा आणि एकदाच, भरल्या सभागृहात सांगायचे, असा त्यांचा हट्ट होता. आणि मामांचा मुद्दा, त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते, नेहमी अगदी शेवटी येत असे.

"मामा, तू या वेळी निष्कर्ष आधी सांगून टाक ना," त्यांच्या घरी जाऊन ती म्हणाली. "मग सावकाश बाकीचं सांग."

"आधी उत्तर आणि मग गणित? हे शिकवलं का गं तुला मी?"

"अरे, पण मध्येच टाळ्या वाजतात तिथे. कुणाचंच पुरं होत नाही."

"पहिली टाळी कोण वाजवतं?"

"तेच तर कळत नाही."

"तू कुठे बसतेस?"

"पहिल्या रांगेत. समन्वयकाला तिथेच बसावं लागतं."

"म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्याकडे पाठ करून," मामा म्हणाले. "शाब्बास. जिन्यातल्या कोळ्याकडे मी पाठ करून बसलो असतो, तर मला मामी दिसली असती, कोळी नाही."

"मी दिसले असते तर काही बिघडलं नसतं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

पुरावेबाईंनी वही काढून स्वतःची चूक टिपून घेतली. ती इतकी ढळढळीत होती की "किती टक्के?" असे विचारायचीही सोय नव्हती.

त्या गुरुवारी मामांची ओळख करून देऊन झाल्यावर ती व्यासपीठावरून उतरली, पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीशेजारून पुढे गेली आणि थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसली. मामी पहिल्या रांगेत ताठ बसली होती. तिच्या शेजारी अधिष्ठाता होते. त्यांनी मान वळवून भुवया उंचावल्या, पण सभागृह ओलांडून रागावण्याइतक्या त्या भुवया मोठ्या नव्हत्या.

शेवटची रांग ही निवृत्त मंडळींची पिढीजात मिरास होती. दार जवळ, पाय लांब करायला जागा, आणि खुर्च्यांना गादी. तिच्या उजवीकडे माजी न्यायाधीश होते, डावीकडे माजी ग्रंथपालबाई.

"या, या," न्यायाधीश प्रसन्नपणे म्हणाले. "बढती मिळाली वाटतं!"

"इथून ऐकू येतं ना नीट?"

"ऐकायला कोण येतं इथे, बाई? शांतता असते म्हणून येतो. घरी नातवंडं आहेत."

मामांनी पहिल्या जाळ्याचे चित्र पडद्यावर दाखवले, तेव्हा न्यायाधीश झोपले होते. वर्षानुवर्षे न्यायासनावर बसून कमावलेली ती झोप होती: पाठ ताठ, चष्मा जागेवर, चेहऱ्यावर निकाल राखून ठेवल्याचा भाव. ग्रंथपालबाईंची हनुवटी गळ्यातल्या मण्यांवर टेकली होती. उरलेल्या रांगेचीही तीच अवस्था होती. पुरावेबाई सगळ्यांच्या हातांवर नजर ठेवून होत्या. सगळे हात मांडीवर निपचित पडले होते.

मामा रंगात आले होते. जिन्यातला कोळी, न्हाणीघरातला कोळी, माळ्यावरचे त्यांचे दूरचे भाऊबंद, असे करत ते पुन्हा जिन्यात आले. "आता बघा," ते म्हणाले, "जाळं धड आहे. एक धागा तुटलेला नाही. आणि तरीही हा गृहस्थ बाडबिस्तरा गुंडाळून निघाला. का?"

ते थांबले. मामा अशा ठिकाणी थांबत असत, शाळेतली सवय.

आणि टाळ्या वाजू लागल्या.

पुढच्या सगळ्या रांगा स्तब्ध होत्या. एकही हात हललेला नव्हता. टाळ्या वरून येत होत्या, शेवटच्या रांगेच्या अगदी डोक्यावर असलेल्या हवेच्या जाळीतून. मंद, पण भरघोस, अगदी याच सभागृहातल्या वाटाव्यात अशा. न्यायाधीशांचे डोळे उघडले. त्यांनी व्यासपीठाकडे पाहिलेही नाही. आपण जागेच होतो हे जगाला पटवून देण्याच्या घाईने त्यांनी दोन्ही हात वर उचलले.

पुरावेबाईंनी त्यांचा उजवा हात हवेतच धरला. दुसऱ्या हाताने ग्रंथपालबाईंचे मनगट पकडले. तो प्रकार बघून बाकीच्यांचे अर्धवट उचललेले हात तिथेच राहिले. रांगेच्या टोकाला एका निवृत्त डॉक्टरांची एक टाळी निसटलीच. पण तिला साथ मिळाली नाही, तेव्हा डॉक्टरांनी डास मारल्यासारखे करून तळहात न्याहाळला.

"अहो, हे काय?" न्यायाधीश कुजबुजले. "हात सोडा. संपलं ना?"

"नाही संपलं."

"मग टाळ्या कोण वाजवतंय?"

तिने हनुवटीने वर खूण केली. न्यायाधीशांनी मान तिरकी करून, साक्षीदाराचे ऐकावे तसे लक्षपूर्वक ऐकले.

"ऐकीव पुरावा," ते म्हणाले. "ग्राह्य धरता येणार नाही." आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले.

वरच्या टाळ्या थांबल्या. मामांना यातले काहीच कळले नव्हते. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि, त्या सभागृहाच्या अलीकडच्या इतिहासात कुणालाच न जमलेली गोष्ट केली: पुढचे वाक्य उच्चारले.

"कारण," मामा म्हणाले, "आमच्या जिन्यातला दिवा. दिवा असेल तर किडे येतात. किडे येतात तोवर कोळी राहतो. दिवा बंद, की किडे बंद, की कोळी दुसरीकडे. जाळ्यात दोष नव्हता, कोळ्यात नव्हता, हवामानात नव्हता. मी हवामान किती वर्षं मोजलं, ते विचारू नका. अधूनमधून कुणीतरी तो दिवा बंद करत होतं."

"कुणीतरी काय?" पहिल्या रांगेतून मामी उभी राहिली. "मीच करत होते! रात्रभर उगाच जळत असायचा तो! मला विचारलं असतंत, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं."

सभागृह हास्यात बुडाले. मामा व्यासपीठावर उभे राहून, डोळे पुसत, स्वतःही हसत होते. मग ते वाकून म्हणाले, "संपलं," आणि त्या वेळी ज्या टाळ्या वाजल्या त्या पहिल्या रांगेपासून सुरू झाल्या. मामी वाजवत होती. न्यायाधीशांनी आधी पुरावेबाईंकडे पाहिले. तिने मान डोलावल्यावर तेही सामील झाले. अधिष्ठाता उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि व्याख्यानमालेला आपण कधीच विरोध केला नव्हता, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसू लागला होता.

चहाला न थांबता पुरावेबाई भिंतीपलीकडे गेल्या. तिथे नाट्यशास्त्र विभागाची तालमीची खोली होती. नट मंडळी ओळीत उभी राहून रिकाम्या भिंतीला वाकून नमस्कार करत होती.

"या पुरावेबाई!" विभागप्रमुख म्हणाले. "हे आपले नट. अभिनय करतात, पण टाळ्या झाल्या की बस सुटत असल्यासारखे पळतात. टाळ्या झेलायलाही शिकावं लागतं हो. म्हणून दर गुरुवारी आवाजाचे व्यायाम झाले की टाळ्यांचं ध्वनिमुद्रण लावतो."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी कुठली तालीम? आमची सगळी पलटण सभागृहातल्या त्या गाण्या-नाचाच्या कार्यक्रमांत लोकांना जागा दाखवत फिरते."

"या टाळ्या आणल्यात कुठून?"

"तुमच्याच व्याख्यानमालेच्या आहेत. इतक्या एकदिलाने वाजलेल्या टाळ्या नाटकाला कुठे मिळतात?"

तेव्हा कारण असे होते. तालमीची खोली आणि सभागृह यांना हवेची एकच नळी होती, आणि तिची सभागृहातली जाळी शेवटच्या रांगेवर उघडत होती. पुढच्या रांगांना अंतरामुळे आणि ध्वनिवर्धकामुळे त्या नळीतले काही ऐकू येत नसे. शेवटच्या रांगेत निवृत्त मंडळी झोपत. ध्वनिमुद्रित टाळ्यांनी ती जागी होत, आणि झोपलेला माणूस टाळ्यांनी जागा झाला की आपली झोप झाकण्यासाठी सर्वांत जोरात टाळ्या वाजवतो. ते ऐकून उरलेले सभागृह वाजवत असे.