महेश सरांची घाई

निकिताचे हात तिचं ऐकत नसत, जीभही ऐकत नसे. डोकं मात्र सगळ्यांना पुरून उरणारं होतं, आणि त्या डोक्यात सध्या एकच विषय होता: महेश सरांचं नाक कापायचं, तेही चारचौघांत.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. अपंगांना टाइप करता यावं म्हणून त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. पडद्यावर अक्षरं एकेक करून उजळायची, हवं ते उजळलं की निकिताने गालाने बटण दाबायचं. वाक्य झालं की यंत्र ते बोलून दाखवायचं. यंत्र झकास होतं. खोट होती ती सरांत. चाचणी घेताना तिने दोन शब्द लिहिले, की उरलेलं वाक्य सर आपल्या लॅपटॉपवरून पुरं करून टाकायचे. "हेच म्हणायचं होतं ना?" असं विचारायचे आणि उत्तराआधीच पुढे जायचे. तिचा वेग त्यांच्या अहवालात असा काही वाढला की बघायला नको!

मग पेपरात बातमी आली. निकिता म्हणते, 'आता मला कुणाच्याही मदतीची गरज नाही.' निकिताने लिहिलं होतं फक्त 'आता मला'. तिला पाणी हवं होतं.

एका संस्थेकडून सविता रोज यायची, निकिताला उचलून आंघोळ घालायची, भरवायची. संस्थेने बातमी वाचली आणि सविताला दुसऱ्या घरी धाडलं. निकिताची आई भिमाबाई अंबडच्या कंपनीत पॅकिंगला होती, ती काम सोडून घरी बसली. लेकीला उचलून उचलून तिची कंबर गेली. ते वाक्य आपलं नाही असं निकिताने सरांना लिहून सांगितलं, तर ते हसले. "अगं, वाक्य किती छान आहे!" त्या दिवशी निकिताने डूख धरला.

कॉलेजात प्रात्यक्षिक ठरलं. सविताच्या त्याच संस्थेच्या अध्यक्षबाई येणार होत्या, सरांच्या पुढच्या संशोधनाला पैसे द्यायचे की नाही ते त्याच ठरवणार होत्या. रिक्षात भिमाबाई कुजबुजली, "पोरी, जपून हां. सर बिघडले तर मशीन घेऊन जातील. मग बोलशील कशी तू?" ते निकिताला ठाऊक होतं. तरीही.

सभागृह भरलं. निकिताने 'स' दाबला. सरांनी लगेच पुरं केलं, "सरांचे मनापासून आभार!" टाळ्या पडल्या. निकिताने सगळं पुसलं. पुन्हा सुरुवात केली, 'सवि'. पडद्यावर आलं, "सविनय नमस्कार!" तिने तेही पुसलं. तिसऱ्यांदा पुसलं तेव्हा मागच्या रांगा हसू लागल्या.

"सर, तो लॅपटॉप मिटा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तिचं तिला लिहू द्या."

आता निकिताला घाई नव्हती. हवं ते अक्षर उजळलं तरी ती मुद्दाम सोडून द्यायची आणि पुढची फेरी येईपर्यंत सरांकडे बघायची. सर रुमालाने मान पुसत होते. तिला इतकं बरं वाटलं, की काय सांगावं! शेवटी यंत्र बोललं, "सविता परत द्या. बातमीतलं वाक्य सरांचं. चाचणीतलीही त्यांचीच."

"मी फक्त तिच्या मनातलं..." सर म्हणाले, आणि त्यांचा हात मिटलेल्या लॅपटॉपकडे गेला.

सविता सोमवारपासून परत आली. संशोधन बारगळलं. सर यंत्र न्यायला घरी आले, तेव्हा भिमाबाई दाराआड डोळे पुसत होती. सरांनी खुर्चीवरचं बटण सोडवलं, खोक्यात ठेवलं.

"निकिता, मला माफ केलंस का गं?" त्यांनी विचारलं.

डोळे मिटले की 'हो', मान वळवली की 'नाही', हे त्यांना माहीत होतं. सर वाट बघत उभे राहिले. निकिताने मान वळवली नाही आणि डोळेही मिटले नाहीत. ती त्यांच्याकडे बघत राहिली, खोकं त्यांच्या हातात जड होईपर्यंत.