डाव्या हाताचं टेबल

खुंटीचं डोकं डावीकडून छाटलेलं होतं.

पायाच्या सांध्यात ठोकलेली, नखाएवढी लाकडी खुंटी. त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला, मग उलटा फिरवून बघितला — तेच. टेबल कामाच्या बाकावर उताणं पडलं होतं, तीन पाय वर करून. बाबांची खुंटी उजवीकडून छाटलेली असायची. जन्मभर बाबांचंच टेबल बनवत आलेल्या त्याला एवढं तर कळणारच.

"ठरलं का?" टेबल घेऊन आलेल्या संग्रहालयातल्या बाईंनी विचारलं. "तुमच्या वडिलांचंच ना?"

"बघतोय."

"बघा, बघा. पण काय पाय आहेत हो! बाकीची टेबलं कशी शिस्तीत उभी असतात, आणि हे बघा, ऐटीत पाय फाकून… इथे तुमचे वडील खरे मोकळे झाले. तुमचा एक शब्द मिळाला की प्रदर्शनात मधोमध हेच."

मोकळे झाले म्हणे! बाबा आणि मोकळे. घरं लहान झाली, खुर्च्या बुटक्या झाल्या, तेव्हा खुर्चीच्या हाताशी बसेल असं हे गोल, तीन पायांचं टेबल बाबांनी काढलं — कुठल्याही जमिनीवर डुगडुगणार नाही, चहाचा कप घसरणार नाही, बाकी नखरे नकोत. पाय सरळ म्हणजे सरळ. आणि मुलगा डावरा निघाला तर त्याचा डावा हात सुतळीने कमरेला बांधायचा, रंधा उजव्याच हाताने चालला पाहिजे. चाललाही. सगळं चाललं.

फक्त एका हिवाळ्यात बाबा तापाने पडले, आणि कारखान्यात तो एकटा उरला… कोणी बघत नव्हतं. पटाशी आपसूक डाव्या हातात आली. पाय खाली निमुळते होत बाहेर झुकले, त्याने झुकू दिले, आणि काम करताना आपण गुणगुणतोय हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं. बाबा उठून आले, टेबलाभोवती एक फेरी मारली. ओरडलेसुद्धा नाहीत. "जाळ," एवढंच म्हणाले.

त्याच्याने जाळवेना. सरस तापवायच्या शेगडीपाशी ठेवून तो घरी गेला. सकाळी टेबल नव्हतं आणि राख कोमट होती. त्यानंतर त्याने कधी पाय झुकवला नाही. बाबांच्या शेवटच्या आजारात रात्रंदिवस त्यांची सेवा केली, पण दोन शब्द प्रेमाने बोलला नाही. ती राख त्याने जपून ठेवली होती म्हणा ना, मनात.

आणि आता हे समोर. धडधाकट.

माझं आहे हे… माझं. बाई, ते मोकळे झाले नव्हते, मी झालो होतो, तेवढा एकदाच. शब्द अगदी ओठांवर आले. छाती इतकी भरून आली की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"अहो," दुकानाच्या बाजूने बायको आली, "बाई केव्हाच्या उभ्या आहेत आणि तुम्ही काय समाधी लावून बसलाय? शिक्का आहे ना त्यावर? मग झालं तर."

बाबांच्या नावाचा शिक्का. बाईंनी तो मघाशीच दाखवला होता, कोणीतरी मागाहून मारला असेल म्हणून त्याने नीट पाहिलाही नव्हता. आता वाकून पाहिला. तापवलेलं लोखंड एकाच दाबात, न हलता, कडेपर्यंत सारखं उतरलेलं… हा दाब दुसऱ्या कोणाचा नाही. तो लोखंडी ठसा बाबा कोणाच्या हाती देत नसत. आणि शिक्का मारण्याआधी टेबल आपल्या खुर्चीशेजारी ओढून घ्यायचे, त्यावर कप ठेवायचे, बसून राहायचे. सबंध संध्याकाळ. पसंत पडलं तरच उठायचे.

म्हणजे बाबा बसले होते. याच्याशेजारी, कोणाला न सांगता.

चोरलं, की पसंत केलं? विचारायचं तरी कोणाला! माझं म्हणावं तर बाबा जगासमोर चोर ठरणार. त्यांचं म्हणावं तर उद्यापासून गिऱ्हाइकं हेच मागणार, हेच टेबल बनवायचं, त्यांचं म्हणून, त्यांच्या सुतळीने घडवलेल्या उजव्या हाताने… आणि इतकी वर्षं ज्या रागाला टेकून उभा होतो, तो राग तरी आता कुठे ठेवायचा? आवडलं होतं तर सांगायचं होतं, बाबा. एका शब्दाने काय बिघडलं असतं? तुमचे पाय चेपताना मी बोललो असतो हो तुमच्याशी.

"बोला ना," बाई हसून म्हणाल्या, "हो की नाही?"

बायकोही बघत होती. त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि आपण आता काय म्हणणार आहोत ते त्यालाच ठाऊक नव्हतं.