लागू पडलं

मास्तरांच्या डाव्या अंगठ्याला नखुरडं झालं, तेव्हा त्यावर घरात दोन मतं होती. अंगठा मास्तरांचा असल्यामुळे त्यांचं मत कुणी विचारलं नाही.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. दुकानात दोन मशिनं, कापायचं लांब टेबल आणि खिडकीशी ताईची खुर्ची. ताई ही मास्तरांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर, आठ वर्षांपूर्वी, ती एक सुटकेस आणि एक लाकडी पेटी घेऊन भावाकडे राहायला आली. सुटकेस माळ्यावर गेली. पेटी खिडकीत राहिली. तीत करंगळीएवढ्या साठ बाटल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीत दिसायला अगदी सारख्या पांढऱ्या गोळ्या.

या पेटीचं मूळ एका खोकल्यात होतं. ताईचा जुनाट खोकला होमिओपॅथीच्या एका डॉक्टरीणबाईंनी बरा केला होता. औषध देण्याआधी त्यांनी तासभर प्रश्न विचारले. कुठल्या कुशीवर झोप लागते, तहान किती लागते, राग आला की रडू येतं का. ताईला जन्मात कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते. खोकला गेला. ताईने पुस्तक घेतलं, पेटी घेतली आणि डॉक्टरीणबाईंकडे जायचं बंद केलं, कारण आता सगळं घरातच होतं.

ती भावाकडे आल्यापासून घराला नियम आले. गोळीला हात लावायचा नाही, ती झाकणातून थेट जिभेवर. आधी पाऊण तास आणि नंतर पाऊण तास तोंडात काही नाही. औषध चालू असेतो कांदा बंद, लसूण बंद, कॉफी बंद. उग्र वासाने औषध मरतं म्हणून कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही तिने काढून टाकल्या. त्या हिवाळ्यात एका वकिलांच्या लोकरी कोटाला कसर लागली. वकिलांनी कोट उजेडात धरला आणि त्यातून त्यांना मास्तर दिसले. पेटीतलं औषध मात्र शाबूत राहिलं.

बाटलीवर नावापुढे एक आकडा असे. तीस, दोनशे, हजार. त्याचा खुलासा पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात होता, पण ताईने पुस्तक रोगांच्या यादीपासून वाचायला घेतलं होतं. आकडा तिने सुईच्या नंबरासारखा लावला. मशिनची अकरा नंबरची सुई तलम कापडाला, चौदाची साध्या, अठराची जाड्याभरड्याला. त्याअर्थी लहान मुलांना तीस, मोठ्या माणसांना दोनशे आणि निबर कातडीच्या माणसाला हजार. मास्तरांचं म्हणणं, हा नंबर दोऱ्याचा असणार. दोऱ्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होत जातो. यावर बहीणभावांत आठ वर्षं वाद चालू होता आणि तेवढ्या काळात दोघांपैकी एकानेही पहिलं प्रकरण उघडलं नव्हतं.

तर अंगठा. अस्तर टाचताना सुई नखाखाली गेली. मास्तरांनी अंगठा तोंडात घातला आणि काम पुढे चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी अंगठा लाल झाला. ताईने पुस्तक बघितलं, बाटली काढली, कातडीकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "दोनशे."

तिसऱ्या दिवशी अंगठा सुजला.

"लागू पडलं," ताई म्हणाली.

"अगं, हा वाढलाय."

"वाढणारच. आधी वाढतं, मग उतरतं. आतलं सगळं बाहेर पडतंय. चांगलं लक्षण आहे."

चौथ्या दिवशी इतकं चांगलं लक्षण दिसू लागलं, की मास्तरांना ताप भरला.

"वन्सं, एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" मास्तरांच्या बायकोने विचारलं. हे घरातलं दुसरं मत.

"दाखव ना. कापून ठेवतील. मग बस म्हणावं नऊ बोटांनी शिवत."

पाचव्या दिवशी मास्तर अस्तर आणायला म्हणून बाहेर पडले आणि तडक दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी अंगठा बघून चीर दिली, पू काढला आणि पाच दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या. मास्तर येताना आठवणीने अस्तरही घेऊन आले. घरी त्यांनी सांगितलं, वाटेत आपोआप फुटलं.

"फुटणारच होतं," ताई म्हणाली. "दोनशे होतं ते."

मास्तर घाबरट नव्हते. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत, साहेब, पोट वाढलंय, कापड पुरणार नाही. पण ताईची गोष्ट वेगळी होती. ती दुकानात काजं करी आणि अलीकडे तिला काजाची कड दिसत नव्हती. दुपारी ती आडवी झाली की मास्तर तिची काजं गुपचूप उसवून पुन्हा करत. घरात जिला ती स्वतःची म्हणू शकेल अशी एक पेटीच उरली होती. तीही काढून घेणं त्यांच्या जिवावर आलं. कॅप्सूल त्यांनी बटणांच्या डब्यात ठेवल्या आणि पाच दिवस दोन्हीकडची औषधं इमानाने घेतली. कांदा खाल्ला नाही. अंगठा दहा दिवसांत खणखणीत बरा झाला.

आणि मग ताई तो दाखवू लागली. कुणी विजार आखूड करायला आलं, की माप राहायचं बाजूला. "मास्तर, अंगठा दाखवा." मास्तर अंगठा पुढे करत. "एवढा भोपळा झाला होता. कापायला निघाले होते. एक थेंब रक्त नाही की काही नाही." लोक वाकून बघत. अंगठा दाखवणे याचा जो अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, नेमकं तेच दुकानात चाललं होतं, पण हे फक्त मास्तरांना माहीत होतं. समोरच्या पोस्टमनने पाठीसाठी गोळ्या नेल्या, शाळेतल्या बाईंनी दाढेसाठी. ताईची मान ताठ झाली. ती सकाळी वेणी नीट घालू लागली. मास्तरांना वाटलं, आपण काही वाईट केलं नाही.

दोन महिन्यांनी एके सकाळी बायको मास्तरांना मोरीशी गाठून हळूच म्हणाली, "वन्सं घरात मोजे घालून वावरतात. उकाड्यात."

"पाय गार पडत असतील."

"वास येतोय, अहो."

मास्तर पुढच्या खोलीत गेले. ताई खुर्चीत बसली होती आणि डाव्या पायाचा मोजा काढून झाकणात गोळ्या मोजत होती. मास्तरांनी पाय बघितला. करंगळी काळी पडली होती. शेजारचं बोट जांभळं होतं आणि लाली घोट्याकडे चढत होती. ताईला साखरेचा आजार होता. बारा वर्षं होता.

"हे कधीपासून?"

"तीन आठवडे झाले. चप्पल चावली." ताईने गोळ्या जिभेवर टाकल्या. "घाबरू नकोस. दुखत नाही मुळीच. पहिल्या दिवसापासून दुखलं नाही, बघ. लगेच लागू पडलं."

"ताई, काळं पडलंय ते."

"वाढतंय. मग उतरेल."

दुखलं नाही म्हणजे औषध लागू, वाढलं म्हणजेही लागू. या औषधाला हरायची सोयच नव्हती.

"साखरेच्या गोळ्या घेतेस ना?"

"त्या बंद केल्यात. दोन औषधं एकात एक गेली की दोन्ही मरतात."

मास्तर खाली बसले. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"तुझ्या वेळी हेच म्हणत होतात सगळे. अंगठा विसरलास?"

मास्तरांनी अंगठ्याकडे बघितलं. तो चांगला होता. "आलोच," एवढं म्हणून ते चपला घालून बाहेर पडले.

ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. बेत साधा होता. ताई जगात एकाच बाईचं ऐकायची, ती बाई सांगेल, ताई उठेल आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. डॉक्टरीणबाई आता सत्तरीच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एकही प्रश्न विचारला नाही, यावरून मास्तरांना प्रकरण कुठवर आलंय ते समजलं.

"हा पेटीचा विषय नाही," त्या म्हणाल्या. "मी स्वतः हा पाय हातात घेतला नसता. हॉस्पिटल, आणि आज. आणि वाढलं म्हणजे लागू पडलं, हे त्यांना कुणी सांगितलं? बहुतेक वेळा वाढलं म्हणजे वाढलंच असतं."

"तेच तुम्ही येऊन सांगाल का? तुमचं ऐकेल ती."

"येते की. पण त्या मला तुमचा अंगठा दाखवतील. त्याचं मी काय सांगू?"

मास्तरांनी अंगठा कसा बरा झाला तेही त्यांना आत्ताच, एका दमात सांगून टाकलं होतं. ते उठले. परतीच्या वाटेवर त्यांनी तीन-चार वाक्यं तयार केली. सगळी गोल होती.

घरी ताई तशीच बसली होती. बायको दारात उभी होती. मास्तरांनी मशिनपुढचा स्टूल ओढला आणि तयार केलेलं एकही वाक्य त्यांना सापडलं नाही.

"ताई, अंगठा मी कापून घेतला होता."

"कधी?"

"पाचव्या दिवशी. अस्तर आणायला गेलो तेव्हा."

"अस्तर तर आणलंस तू."

"येताना आणलं. वर पाच दिवस कॅप्सूल घेतल्या. बटणांच्या डब्यात ठेवल्या होत्या."

"आणि माझ्या गोळ्या?"

"त्यापण घेतल्या. पाऊण तास पाळला."

"कांदा?"

"नाही खाल्ला."

हे ऐकून बायको आत निघून गेली. हसू आलं की रडू, हे तिलाही नंतर सांगता आलं नाही.

"मी येणाऱ्याजाणाऱ्याला तो अंगठा दाखवला," ताई म्हणाली. "तू पुढे करत होतास."

"हो."

"का नाही सांगितलंस मला?"

"तुला वाईट वाटलं असतं."

ताईने आपल्या पायाकडे बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिने तो पुस्तकाशिवाय बघितला असावा. तिचा चेहरा पडला. मास्तरांना इतकी लाज वाटली, की त्यांना तिच्याकडे बघवेना.

"गाडी बोलाव," ती म्हणाली. "मोजा चढव आधी. मला वाकता येत नाही."

मास्तरांनी मोजा चढवला.

दोन बोटं गेली. सर्जन म्हणाले, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, आणि त्यांनी विचारलं, इतके दिवस काय करत होता. मास्तर म्हणाले, "चूक माझी आहे." सर्जननी तसं काही कागदावर लिहिलं नाही. मधुमेह, एवढंच लिहिलं.

हॉस्पिटलात अकरा दिवस ताई भावाशी मोजकंच बोलली. पाणी दे, पडदा ओढ, उशी सरकव. पण त्याने डब्यातली भाजी बरी झालीय म्हटलं, की ती घास घ्यायच्या आधी त्याच्याकडे टक लावून बघे. मास्तरांना वाटे, रागवायचं तर सरळ रागव. ती रागावली नाही. त्यांना तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा काठी न घेता उठली. आतल्या खोलीच्या दारापासून कापायच्या टेबलापर्यंत आली. दहा-बारा पावलांचं अंतर. टेबलाला धरून ती उभी राहिली, तेव्हा कपाळावर घाम होता.

"कशी चालते मी?"

"छान चालता हो वन्सं," मास्तरांची बायको म्हणाली. "सांगितल्याशिवाय कुणाला कळायचं नाही."

ताईने मान वळवली. "तू सांग."

मास्तरांच्या हातात कात्री होती. बायको ताईच्या पाठीमागून डोळे मोठे करत होती. मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

"लंगडतेस."

"किती?"

"बरंच. डावा खांदा पडतो. पाऊल टाकायच्या आधी थांबतेस."

"लांबून दिसतं?"

"दिसतं."

ताईने मान हलवली. चुकीचं माप कुणीतरी बरोबर करून दिल्यासारखा तिचा चेहरा मोकळा झाला. मग तिने टेबलाची कड सोडली.

"परत जाते," ती म्हणाली. "नीट बघ."

मास्तर तिच्या पावलांकडे नीट बघत राहिले.