गोड पाण्याची जीप

इंजिन तापलं की देवी पाझरायची. डॅशबोर्डखाली ठेवलेल्या पितळी परातीत पहिला थेंब टप्‌दिशी पडायचा आणि जीपभोवती दाटलेली शे-दीडशे माणसं एकदम हात जोडायची. फेब्रुवारीचं ऊन, महिनाभर आभाळात ढग नाही, आणि बंद जीपमधून पाणी! तेही हिरवट आणि चवीला गोड. बायका तांबे, बाटल्या, डबे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या.

विरूपाक्ष महाराज बॉनेटला टेकून सांगायचे, "बघा! काचेचं रबर नवं. दाराचं रबर नवं. छताची फट बंद. मुदखेडचा आनंदराज मिस्त्री, जो देव मानत न्हाई, त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं का आता एक थेंब येणार न्हाई. मग हे पाणी आलं कुठून? त्या मिस्त्रीचं विज्ञान जिथं संपतं, तिथून देवीची जीप सुरू होते!"

तो आनंदराज मिस्त्री म्हणजे मी.

हे सगळं मी प्रथम मोबाइलवर पाहिलं. कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता. स्वतःचं नाव ऐकून हसू आलं, मग कंटाळा आला. अंगात येणाऱ्या बायका, लिंबातून निघणारं रक्त, गुप्तधनासाठी खणलेले खड्डे. पंचवीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांबरोबर गावोगाव फिरून मी हे बघितलेलं. एक बंद केलं की दुसरीकडे सुरू. मी फोन खिशात टाकला आणि कामाला लागलो. त्याचं आजही वाईट वाटतं.

जीप शेषेरावची. इस्लापूरजवळच्या वाडीत त्याची शेती. लष्कराच्या लिलावातून हातोहात फिरत त्याच्याकडे आलेली, तीस वर्षांची, चारही चाकं ओढणारी गाडी. पावसाळ्यात वाडीचा ओढा भरला की दुसरं कोणतंच वाहन पलीकडे जात नाही. बाळंतीण असो की साप चावलेला माणूस, न्यायला हीच जीप. फक्त पाऊस पडला की आत घोटाभर पाणी साचायचं, म्हणून गेल्या जुलैत शेषेरावनं ती माझ्या गॅरेजला आणली.

गळती शोधणं हे जीव खाणारं काम. पाणी शिरतं एकीकडून, पत्र्याच्या पोटातून वाहत जातं आणि पडतं भलतीकडेच. मी सीट काढल्या, खालचं जाजम काढलं, आतून सगळीकडे खडूची पूड फासली. मग बाहेरून पाइपनं पाणी सोडत खालून वर सरकत गेलो. पुडीत ओली रेघ उमटली की तिथं खूण. काचेचं रबर वाळून तडकलेलं निघालं. छताच्या कडेची शिवण उघडलेली. काचेखालचं पाणी निघून जायचं भोक चिखलानं बुजलेलं. तीन दिवस गेले. शेवटी तासभर पाणी मारलं, पूड कोरडी राहिली, आणि मी छाती पुढं काढून म्हणालो, "शेषेराव, आता एक थेंब येणार न्हाई."

जानेवारीत डावीकडची जागा पुन्हा ओली झाली. शेषेराव माझ्याकडेच आला असता, पण वाडीच्या देवळात तेव्हा विरूपाक्ष महाराज मुक्कामाला होते. महाराजांनी ओल्या जाजमावर बोट टेकवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटून जाहीर केलं, "गोड हाय! माहूरच्या वाटंवर देवी हिच्यात बसली."

व्हिडिओ पाहिल्याला दोन आठवडे झाले असतील. सकाळी फोन आला. माझी मुलगी ज्योत्स्ना इस्लापूरला डॉक्टर आहे. कामाच्या वेळी ती कधी फोन करत नाही.

"पप्पा, गाडीतलं कुठलं पाणी गोड लागतं?"

मी हातातला पाना खाली ठेवला. "कोण प्यालं?"

"आधी सांगा."

"कूलंट. रेडिएटरमधलं. विष असतं ते, ज्योत्स्ना. कोण प्यालं?"

"शेषेरावांच्या आई, गुणाबाई. गुडघ्यांसाठी रोज दोन घोट घेत होत्या. परवा पौर्णिमा म्हणून महाराजांनी तांब्या भरून दिला. काल दारू प्यायल्यासारखं बोलायला लागल्या, आज लघवी बंद. मी नांदेडला पाठवलंय. तिथले डॉक्टर विचारून राहिले, पोटात काय गेलं? ते कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. पण पप्पा, तुम्ही तर ती गाडी दुरुस्त केली होती. रेडिएटरचं पाणी आतमध्ये कसं येईल?"

तेव्हा मला ती काळी पेटी आठवली. डॅशबोर्डखाली, डाव्या बाजूला. हीटर! गाडी लष्कराची, थंड मुलखात फिरलेली. तिला हीटर असणारच. मराठवाड्यात गाडीचा हीटर कोण लावतो? शेषेरावला ती पेटी कशाची, हेही ठाऊक नसेल. त्या पेटीत एक छोटा रेडिएटर असतो आणि इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरत असतं. मी तीन दिवस त्या पेटीखालीच पालथा पडून होतो. पण सगळी तपासणी केली इंजिन बंद ठेवून. इंजिन तापलं की पाण्याला दाब येतो आणि मगच सडलेली जागा गळते.

"कूलंटच आहे," मी म्हणालो. "नांदेडला आत्ता कळव. माझं नाव सांग."

"कळवते. पण तिथं अजून लोक पितायत. मी सांगून आले. महाराज म्हणतो, डॉक्टरीणबाईचा धंदा बसला."

मी गॅरेजला कुलूप लावलं आणि एसटी पकडली.

वाडीत पोचलो तेव्हा आरतीची तयारी चालली होती. बॉनेटवर भगवा पडदा, त्यावर हार. बॉनेटला आता 'गाभारा' म्हणत. शेषेराव रांगेत सर्वांत पुढं उभा होता, हातात रिकामी बाटली.

"माय कशी हाय?" मी विचारलं.

"मशीनवर घेतलंय म्हणे. बायको हाय जवळ." त्याचे डोळे तारवटलेले होते. "तीर्थ न्यायला आलो. तोंडात दोन थेंब पडले तर..."

मी बाटलीवर हात ठेवला. "शेषेराव, मायला त्याच पाण्यानं झालंय ते."

रांगेतून आवाज आला, "आनंदराजभाऊ, तुम्ही लोकं देव मानत न्हाई, ठीक हाय. आमच्यामधी कामून येऊन राहिले?"

असं होणार हे मला माहीत होतं. भांडण सुरू झालं असतं तर महाराज जिंकलेच असते. मी म्हणालो, "मी देवी तपासाया न्हाई आलो. माझं काम तपासाया आलो. गळती राहिली असंल तर चूक माझी हाय. गाडी माझ्याच हाताखालून गेलेली हाय ना?"

शेषेराव म्हणाला, "बघू द्या त्याला."

इंजिन थंड होतं. काचेवर, छतावर, दारांवर पाव तास पाइपनं पाणी मारलं. परात कोरडी.

"देवी निजली हाय," महाराज म्हणाले. "इंजिनाचा घंटानाद झाल्याबिगर जागी होत न्हाई."

"जागी करू की. त्याआधी रेडिएटर बघतो. शेषेराव, रोज किती पाणी टाकता?"

"मी कुठं? महाराज टाकतेत. सकाळी, पडद्याआड. देवीचा नैवेद्य."

"खबरदार, गाभाऱ्याला हात लावशील तर!" महाराज पुढं झाले.

"मी न्हाई लावत," मी म्हणालो. "जीपचा मालक लावंल."

एका घरातून कपड्यांची नीळ मागवली. शेषेरावनं स्वतः पडदा बाजूला केला, बॉनेट उघडलं, रेडिएटरचं झाकण काढून नीळ ओतली, झाकण लावलं. मी चार पावलं लांब, हात मागं बांधून उभा होतो. इंजिन सुरू झालं. टाळ सुरू झाले. पहिले थेंब हिरवटच पडले आणि महाराजांचा चेहरा खुलला. आणखी दोन-तीन मिनिटं गेली आणि टाळ आपोआप थांबले.

परातीत निळं पाणी पडत होतं.

महाराजांनी वाकून परातीत बघितलं. मग दोन्ही हात वर केले, "देवीनं रंग पालटला! निळी लीला, बोला..." आणि खरं सांगतो, मागच्या चार-पाच जणांचे हात जोडले गेलेसुद्धा. त्या क्षणी मला इतकं थकल्यासारखं झालं, की तिथंच मातीत बसावंसं वाटलं.

बसून भागणार नव्हतं. मी पिशवीतून पकड काढली आणि इंजिनातून हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही रबरी नळ्या आवळून धरल्या. थेंब मंदावले, थांबले. सोडल्या. पुन्हा टपटप. तीनदा केलं. "महाराज, इंजिन चालू हाय, टाळ वाजवा, मंत्र म्हणा. मी नळी धरतो, तुम्ही देवीला पाझरायला लावा."

महाराज दोन पावलं मागं सरकले.

इंजिन बंद करून मी काळी पेटी खोलली. हातभर लांबीचा गंजका रेडिएटर, त्याच्या एका कोपऱ्यावर हिरवे पापुद्रे आणि ताजी निळी ओल. तो रांगेतल्या लोकांच्या हातात दिला. एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसरीला, असा तो फिरला. दरम्यान शेषेराव देवळातल्या खोलीत गेला आणि तीन डबे घेऊन आला. कूलंटचे. डब्यांवर कवटीचं चित्र होतं, खाली 'विष' असं लिहिलेलं.

"महाराज," तो अगदी हळू बोलला, "तुम्हाला वाचता येतं ना?"

विरूपाक्ष महाराज पूर्वी ट्रकवर होते, हे नंतर पोलिसांकडून कळलं. हे पाणी काय असतं, ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. ते स्वतः मात्र कधी तीर्थ प्यायले नव्हते. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, काही दिवसांनी जामीन मिळाला. आता चाकूरकडे एका विहिरीजवळ बसतात म्हणे. खरं-खोटं माहीत नाही.

जीपचा हीटर मी काढूनच टाकला. दोन नळ्या इंजिनापाशी एकमेकींना जोडून दिल्या. वीस मिनिटांचं काम.

ज्योत्स्नानं वाडीतल्या सगळ्यांना तपासलं. आणखी सहा जणांना नांदेडला न्यावं लागलं, तेही याच जीपमधून. गुणाबाई तीन आठवड्यांनी घरी आल्या. आठ वेळा रक्त धुतलं, तरी मूत्रपिंडं निम्मीच चालतात. मी भेटायला गेलो तेव्हा त्या ओट्यावर वाकळ पांघरून बसल्या होत्या, समोर वाडीतल्या बायका. मी माफी मागायला शब्द जुळवत होतो. त्यांनीच विचारलं, "मिस्त्री, तुला ती पेटी आधी दिसली न्हाई का रं?"

"दिसली माय. पण बघितली न्हाई."

"माझं बी तसंच झालं," त्या म्हणाल्या. श्वास घेऊन बायकांकडे वळल्या. "पाणी गोड लागलं म्हणून प्याले. पोरगं रोज जीप चालवतं, मास्तर शिकवतो, डॉक्टरीणबाई हाय. एकाला बी न्हाई इचारलं का पाणी कुठून येतं. देवी माहूरला हाय, बायांनो. जीपमधी रेडिएटर हाय."

मी देव मानत नाही, पण तिथं वाद घातला नाही. तुमच्याशीही घालत नाही. माझं सांगणं एवढंच आहे. कोरड्या जागी पाणी दिसलं, की ते तोंडात घालण्याआधी उगमापर्यंत जा. पत्रा उचला, नळी धरून बघा, रंग टाकून बघा. स्वतःला जमत नसेल तर ज्याला जमतं त्याला बोलवा, आणि तो छाती पुढं काढून बोलायला लागला तर त्यालाही विचारा, इंजिन चालू करून बघितलंस का? आणि जो माणूस पडदा उघडू देत नाही, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका.